रावसाहेबांना उद्या चालत नाही

“रावसाहेबांना उद्या चालत नाही.”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी अव्वल कारकुनांच्या टेबलापुढे उभी होते, तेव्हा मागच्या टेबलावरून कोणीतरी हळूच असं म्हणालं. माझ्या रुजू होण्याच्या कागदांत वैद्यकीय दाखल्याची एक झेरॉक्स कमी होती. अव्वल कारकून नुकतेच म्हणाले होते, “काही घाई नाही, उद्या आणा.” मला वाटलं, तहसीलदार साहेब उद्या रजेवर असतील. म्हणून मी म्हटलं, “मग परवा आणते.”

सगळे हसले. काय चुकलं ते मला कळलं नाही. विचारण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी सरळ बाहेर जाऊन झेरॉक्स काढून आणली. ते ‘चालत नाही’ हे एखाद्याला कांदा चालत नाही, लसूण चालत नाही तशा अर्थाचं होतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

महसूल खात्यात तहसीलदारांना रावसाहेब म्हणतात. आमचे रावसाहेब मूळचे धुळ्याचे. बायको तिथेच शाळेत शिक्षिका, मुलगी कॉलेजात. ते इकडे सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि शनिवारी धुळ्याला जायचे. अंगानं जाड, पावलं मात्र हलकी. मागे येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. टेबलावरची घंटी त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. शिपाई हवा असला की स्वतः उठून दारापर्यंत यायचे आणि त्याला नावानं हाक मारायचे. जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी असली की दुपारनंतरचा आवाज मऊ लागायचा. आम्ही आत जायच्या आधी शिपायाला विचारायचो, “आज डब्यात काय होतं?”

या माणसानं ‘उद्या’ हा शब्द सोडलेला होता. तोंडानं उच्चारायचा नाही, हातानं लिहायचा नाही. ते याबद्दल कोणाला काही सांगत नसत. ऑफिसनं ते हळूहळू आपणच ओळखलं होतं, कारण त्यांची वाक्यं चमत्कारिक यायची. बायकोशी फोनवर बोलताना म्हणायचे, “अगं, आज नाही जमणार. आज झोपून उठलो की निघतो.” वार लक्षात नसेल तर मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि मग, “शुक्रवारी.” त्यांची मुलगी सुट्टीत आली होती तेव्हा ती मुद्दाम विचारायची, “पप्पा, आज गुरुवार ना? मग मी कधी जाणार?” ते म्हणायचे, “तुझ्या तिकिटावर लिहिलंय, वाच.”

नुसती जिभेची गंमत असती तर माझ्या लक्षातही राहिली नसती. पण तहसील कार्यालयात ‘उद्या’ हा शब्द काय काम करतो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. तो शब्द म्हणजे दार. दार लावताना आवाज होत नाही, समोरच्याला रागही येत नाही. तो उलट “बरं साहेब” म्हणून नमस्कार करून जातो. रावसाहेबांना हे दार लावता येत नव्हतं. त्यामुळे त्यांना एक तर काम तिथल्या तिथे करावं लागायचं, नाहीतर कोणता तरी वार सांगावा लागायचा. आणि वार सांगितला की माणूस त्या वारी हजर व्हायचा.

“आशा नको, वार सांगा,” हे त्यांचं वाक्य. कोणी कारकून समोरच्याला “होऊन जाईल, बघतो” म्हणाला आणि ते मागून जात असले, की थांबायचे. म्हणायचे, “आशा नको दाखवू त्यांना. वार सांग. आणि तू नसलास तर कोण करणार तेही सांग.” तो वार आला आणि काम झालेलं नसलं, तर ते एक स्टूल ओढून घ्यायचे आणि अर्जदाराच्या शेजारी, टेबलाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. बोलायचे नाहीत. त्या बसण्यापेक्षा ते ओरडलेले बरे असं सगळे म्हणायचे. ओरडायचेही ते. आमच्या एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर असे बोलले होते की तो आठवडाभर डबा खायला एकटा बसायचा. त्याची माफी त्यांनी कधी मागितली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्यांच्याविषयी बोलताना लोक हल्ली फक्त चांगलं बोलतात.

फाटकाबाहेरचा चहावाला सगळ्यात नाराज होता. “ताई, धंदा बसला माझा,” तो म्हणायचा. “आधी एका कामाले माणूस धा चकरा मारे. धा चकरा म्हणजे धा कट. आते एकच कट पितो आन् हसत गावले जातो. असा साहेब काय कामाचा?”

मी जळगावच्या मेहरूणची. इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ठीक आहे, पण खेड्यातून येणाऱ्या लोकांची खानदेशी मला सुरुवातीला अर्धीच कळायची. माझ्याकडे निराधार पेन्शनचं टेबल आलं, तेव्हा समोर बहुतेक म्हाताऱ्या बायका असायच्या आणि त्या भरभर बोलायच्या. मी मान हलवायची. शेजारी अव्वल कारकून होते, त्यांना सगळे नाना म्हणत. ते मध्ये पडून निभावून न्यायचे.

नानांचं माझ्या मनात फार चांगलं मत होतं. ते कोणाही अर्जदाराला ‘उद्या या’ म्हणत नसत. ते म्हणायचे, “सकाय ये, माय.” मला वाटायचं, किती समजूतदार माणूस! म्हाताऱ्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून सकाळी बोलावतात. म्हणून मी एक दिवस नेहमीच्या आधीची एस.टी. पकडून लवकर आले आणि सकाळी येणाऱ्यांसाठी टेबल लावून बसले. नाना यायचे होते. एक म्हातारे आबा काठी टेकत आले. आदल्या दिवशी नानांनी त्यांना माझ्यासमोरच ‘सकाय ये’ म्हटलं होतं. इतके दिवस न बोलल्याची भरपाई म्हणून मी स्वतःहून म्हटलं, “या आबा, बसा. तुम्हाला सकाळी बोलावलं होतं ना?”

आबा माझ्याकडे बघत राहिले. “सकाय बलायेल व्हतं, पोरी.”

“हो ना. सकाळच आहे आता.”

“आज ना?”

“आजच.”

“आज कसं व्हई? नाना तं रोज सकाय म्हनस. मी रोज येस. तो रोज सकाय म्हनस.”

“रोज सकाळीच येता तुम्ही?”

“दुपारले येस.”

“मग सकाळी का नाही येत?”

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना माझी कीव आली असावी. “पोरी,” ते म्हणाले, “तू कोठली शे?”

माझ्या मागे कोणीतरी हसायला लागलं. रावसाहेब होते. ते इतके हसले की त्यांना टेबलाला हात लावावा लागला. खानदेशीत ‘सकाय’ म्हणजे उद्या. धुळ्याच्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. फक्त नाना हा शब्द साहेब आसपास नसताना वापरायचे, म्हणून इतके दिवस पचला होता.

नाना आले तेव्हा आबा स्टुलावर बसून चहा पीत होते आणि त्यांचं काम माझ्या टेबलावर उघडलेलं होतं. आता नानांचं काही खरं नाही असं मला वाटलं. पण रावसाहेब एवढंच म्हणाले, “नाना, शब्द मी सोडलाय, तुम्ही नाही. तुम्ही खुशाल म्हणा. फक्त या मॅडमना मराठीत अर्थ सांगत जा. त्या पहाटेची गाडी पकडून येतात.”

नानांचे कान लाल झाले. त्यानंतर त्यांचं ‘सकाय’ कमी झालं, पण बंद झालं नाही. कधीकधी ते अर्धवट म्हणायचे, “सका…” आणि मग खाकरायचे.

रावसाहेबांनी हा शब्द का सोडला, हे मी त्यांना एकदाच विचारलं. नीटसं विचारलंही नाही. आम्ही चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका गावी कामासाठी गेलो होतो. गाडीत पुढे ड्रायव्हर आणि ते, मागे मी. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. एका बागेपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. “इथे अक्का राहतात. पाच-दहा मिनिटं. तुम्ही येता की बसता?”

मी म्हटलं, “बसते.”

त्यांच्या गुरू अक्का आहेत हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. आमचं घर बौद्ध आहे. गुरू, अनुग्रह, गादी हे शब्द आमच्याकडे जपूनच घेतले जातात. साहेब कोणा अक्कांच्या नादी आहेत हे कळल्यावर वडील फोनवर म्हणाले होते, “काम चोख कर आणि लांब राहा.” मी लांब राहत होते. ते मला अवघड नव्हतं, मी सगळ्यांपासूनच लांब राहते.

बागेच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं छोटं देऊळ आणि शेजारी दोन खोल्या होत्या. थोड्या वेळानं एक बारीकशी म्हातारी हातात कपबशी घेऊन गाडीकडे येताना दिसली. मागे रावसाहेब. ते म्हणत होते, “राहू द्या अक्का, त्यांना नसेल उतरायचं.”

“मंग नको उतरू दे,” अक्का म्हणाल्या. “चहाले काय पाय नहीत? चहा तठे जाई.”

त्यांनी खिडकीतून कपबशी आत दिली. त्या नाव विचारतील याची मी वाट बघत होते, कारण नावाच्या मागोमाग आडनाव येतं, आणि आडनाव कळलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं किंवा मुद्दाम हलू दिलं जात नाही. दोन्ही मला ओळखता येतं. अक्कांनी नावच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “रागे भरस का हाऊ तुले?”

मी मान हलवून, नाही रागावत म्हटलं.

“भरस,” त्या म्हणाल्या. “मी वळखस त्याले.” आणि रिकामी कपबशी घेऊन गेल्या.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, “तो शब्द त्यांनी सोडायला लावला?” माझ्या दृष्टीनं हे फार मोठं वाक्य होतं. ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून बघितलं.

रावसाहेबांनी सरळ सांगितलं. त्यांच्या आई अक्कांना मानायच्या. आईच्या आजारपणात तिच्या समाधानासाठी ते अनुग्रह घ्यायला गेले. काशीला गेल्यावर जशी आवडती भाजी सोडतात, तशी इथेही काहीतरी सोडायची रीत होती. त्यांनी मोठ्या मनानं भरीत सोडतो म्हणून सांगितलं. “हिवाळ्याचे दिवस होते, मॅडम. माझा त्याग तुम्हाला कळणार नाही.” अक्का हसल्या. म्हणाल्या, “वांगानी तुनं काय बिघाडं रे भाऊ? वांगं खाईसन कोन मरनं? एक शब्द सोड. लोकेसले तू जो जास्त वाढस, तो.” कोणता, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, “माले काय माहीत? तूच ऐक.”

“मग मी ऐकायला लागलो,” रावसाहेब म्हणाले. “मला वाटलं ‘मी’ निघेल. ते बरं दिसलं असतं. चार लोकांत सांगता आलं असतं, अहंकार सोडला म्हणून. निघालं ‘उद्या’. इतकं फालतू निघालं की मला लाज वाटली. पण दिवसभरात तेच वाढत होतो मी, पंगतीत मीठ वाढावं तसं. मी काही वाईट अधिकारी नव्हतो. पैसे कधी खाल्ले नाहीत. नुसतं उद्या म्हणायचो.”

मग म्हणाले, “अक्कांनी एवढंच सांगितलं होतं की, सोडलं ते मिरवायचं नाही आणि दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं नाही. म्हणून मी ऑफिसात कोणाला सक्ती करत नाही.”

मी मनात म्हटलं, तुम्ही सक्ती करत नाही हे खरं, पण तुम्ही साडेसहापर्यंत स्टुलावर बसून राहता, तेव्हा आम्ही उठून जायचं कसं? जळगावची माझी गाडी तोवर निघून जायची. मग पुढची गाडी, तिच्यात उभं राहायचं, आणि मेहरूणच्या कोपऱ्यावर वडील वाट बघत उभे असायचे. हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

प्रसादाचं इथेच सांगते, कारण पुढे त्याचंच निमित्त झालं. अक्कांकडून आले की रावसाहेब शिऱ्याचा डबा आणायचे आणि शिपाई तो टेबलाटेबलावर वाटायचा. पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, “उपास आहे.” उपास नव्हता. पण प्रसाद नको म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं. दुसऱ्यांदाही उपासच होता. तेव्हा रावसाहेब दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. तिसऱ्यांदा शिपाई शिरा घेऊन माझ्या टेबलावर थांबलाच नाही. थोड्या वेळानं रावसाहेब स्वतः आले आणि दोन केळी ठेवून म्हणाले, “ही बाजारातली आहेत. देवळातली नाहीत. उपासालाही चालतात आणि उपास नसला तरी चालतात.” आणि गेले. मी ती केळी खाल्ली. याविषयी आम्ही पुढे कधी बोललो नाही.

रावसाहेबांचं प्रकरण जिल्ह्यात पसरलं ते एका व्हीसीमुळे, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समुळे. वरच्या साहेबांनी स्क्रीनवरून विचारलं, “अहवाल कधी देता?” सगळ्या तालुक्यांचे तहसीलदार ऐकत होते. आमचे रावसाहेब म्हणाले, “गुरुवारी, सर.”

“म्हणजे उद्या?”

“गुरुवारी, सर.”

“अहो, उद्या गुरुवारच आहे ना? मग उद्या म्हणा.”

“गुरुवारी सकाळी देतो, सर.”

स्क्रीनवरचे चौकोन एकेक करून हसायला लागले. वरचे साहेबही हसले. अहवाल गुरुवारी सकाळी गेला. पण त्या दिवसापासून ‘बाबाचा चेला’ असं त्यांचं नाव पडलं. अक्का बाई आहेत हेही कोणी लक्षात घेतलं नाही.

मग अर्ज आला. निनावी होता. सरकारी कार्यालयाचा मठ केला आहे, कर्मचाऱ्यांवर गुरूच्या आज्ञा लादल्या जातात, असं त्यात होतं. आणि पुढे असंही होतं की, वेगळ्या धर्माच्या महिला कर्मचाऱ्यास प्रसाद खाण्याची सक्ती करून मानसिक त्रास देण्यात आला. आमच्या ऑफिसात वेगळ्या धर्माची महिला एकच होती. नाव नव्हतं, पण ती मी होते.

चौकशीला जळगावहून उपजिल्हाधिकारी येणार असं कळलं. यात रावसाहेबांचं काय जाणार होतं ते स्पष्ट होतं. अर्जातलं खरं ठरलं, तर बाकीचं सगळं गमतीवारी गेलं असतं, पण माझ्याविषयीचा मुद्दा गेला नसता. त्यावर त्यांना हलवलं असतं, आणि सेवेच्या नोंदीत कायमचा डाग राहिला असता. निवृत्तीला फार वर्षं नव्हती. थोडक्यात, सगळं माझ्या बोलण्यावर येऊन थांबलं होतं, आणि ऑफिसात सर्वात कमी बोलणारी मीच होते.

मला उत्तरं शिकवायला सगळे तयार होते. नाना डबा संपवून माझ्याजवळ आले. “हे बघ, पोरी. त्रास झाला का विचारतील. तू नाही म्हण. एवढा एकच शब्द. तेवढा तर येतो ना तुला?”

“नाना, तुम्हाला तर ते आवडत नाहीत.”

“आवडत कुठे? डोक्याला ताप आहे नुसता. पण हे आवडण्याचं नाही.” मग इकडेतिकडे बघून म्हणाले, “मी पण सांगणारे, मी रोज सकाय म्हणायचो, साहेबांना माहीत होतं. आता काय, होईल ते होईल.”

त्याच संध्याकाळी एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ भेटले. तहसीलच्या फाटकाबाहेर लोकांची कामं करून देणाऱ्यांपैकी होते, मी त्यांना रोज बघायचे. फार अदबीनं बोलले. “ताई, तुम्ही घाबरू नका. आम्ही आहोत. खरं काय ते सांगा, त्रास झाला म्हणून. तुमच्यासारख्यांनी सांगितलं की वजन पडतं.”

तुमच्यासारख्यांनी म्हणजे कोणी, असं मी विचारलं नाही. गाडी आली.

घरी वडिलांना सांगितलं.  “सरकारी हापिसात शिरा वाटायलाच नको होता,” ते म्हणाले. “ते चूकच. पण तुला कोणी जबरदस्ती केली का?”

“नाही.”

“मग झालं. आणि तुझ्या नावानं दुसऱ्या कोणी अर्ज करायचं कारण नव्हतं. मला राग त्याचा आहे.”

मलाही राग त्याचाच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

चौकशीच्या दिवशी रावसाहेबांच्या दालनात आम्ही सगळे भिंतीला लागून उभे होतो. उपजिल्हाधिकारी त्यांच्या खुर्चीत बसले होते आणि रावसाहेब बाजूच्या खुर्चीत. मी त्यांना त्या जागी कधी पाहिलं नव्हतं. ते तिथे लहान दिसत होते.  बाजू घ्या असं त्यांनी एकालाही सुचवलं नाही. मला तर त्या दिवसांत ते टाळतच होते, मी समोर दिसले तर जिन्यावरून परत फिरायचे.

उपजिल्हाधिकाऱ्यांनी आधी रावसाहेबांनाच विचारलं, “कामकाजातल्या सुधारणा तुम्ही प्रशासकीय उपक्रम म्हणून केल्या, असंच ना?” बाहेर पडायची वाट त्यांनी स्वतःच दाखवली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

“नाही सर,” रावसाहेब म्हणाले. “मला अक्कांनी सांगितलं म्हणून केल्या. मला स्वतःला सुचलं नसतं. पण बाकी कोणाला मी सांगितलेलं नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, सक्ती नव्हती. नानांनी आपलं ‘सकाय’ सांगितलं. साहेब जळगावात नवीन होते, त्यांना ते समजावून सांगावं लागलं. ते हसले, खोलीही थोडी सैल झाली. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ते इंग्रजीत म्हणाले की, तुम्ही इंग्रजी शाळेत शिकलात असं कळलं, तुम्हाला सोपं जात असेल तर इंग्रजीत सांगा, मोकळेपणानं सांगा, हवं तर बाकीच्यांना बाहेर पाठवतो. तुम्हाला इथे त्रास झाला का?

इंग्रजीत मला खरंच सोपं गेलं असतं. पण मग ते त्यांचं आणि माझं बोलणं झालं असतं, आणि भिंतीशी उभ्या असलेल्यांनी नुसती आमची तोंडं बघितली असती. नाना माझ्याकडे बघून ओठांनी ‘नाही, नाही’ करत होते. रावसाहेब जमिनीकडे बघत होते. 

“मराठीत सांगते, सर,” मी म्हणाले. “सगळ्यांना कळू दे. त्या अर्जात माझ्याबद्दल लिहिलंय, पण लिहिणाऱ्यानं मला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्रास झाला. खूप झाला. पण तो कामाचा झाला, सर. देवाचा नाही झाला.”